गटाची हद्द आखली जाते तेव्हा आपण कुठे असतो?

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे: प्रभाग रचना. पण रस्त्याचं, पाण्याचं गाऱ्हाणं कुठल्या झेडपी सदस्याकडे न्यायचं, हे त्यावरच ठरतं. म्हणून जरा दमाने समजून घेऊ.

आधी आकडे. पालघर जिल्हा परिषदेत ५७ जागा आहेत. २०२० च्या निवडणुकीत पालघर तालुक्याला १७ गट होते, जव्हारला ४ आणि आपल्या मोखाड्याला ३. एका गटाचे दोन गण, म्हणून पंचायत समितीत आपले ६ सदस्य. जागा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात, आणि ते तत्त्व बरोबरच आहे. प्रश्न असा, की ती लोकसंख्या मोजली कधी?

मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. प्रोग्रॅम कितीही नीट लिहा, आत चुकीचा डेटा गेला की उत्तर चुकणारच. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या ८३,४५३ भरली. ती मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. आता फेब्रुवारीतला आपला पाडा आठवा. दिवाळी झाली की माणसं वीटभट्ट्यांवर निघतात, भिवंडीकडे, वसईकडे. घरी उरतात म्हातारी माणसं. जनगणनेचा नियम असा, की मोजणीच्या पूर्ण काळात जो बाहेर आहे, त्याची नोंद तो सापडेल तिथे होते. म्हणजे भट्टीवरचं कुटुंब मोजलं गेलं तर भट्टीच्या गावात, नाहीतर सुटलंच. मतदार यादीतलं नाव मात्र इथलं.

आता दुसरी तारीख बघा. सुप्रीम कोर्टाने ६ मे २०२५ ला रखडलेल्या स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितलं. मग गट-गणांचा प्रारूप आराखडा १४ जुलैला आला. लोकसंख्या तीच, २०११ ची. हरकती द्यायची शेवटची तारीख २१ जुलै. आठवडाभराची मुदत, आणि आठवडा कुठला? भाताच्या आवणीचा! मी तेव्हा पुण्यात होतो. घरी फोन करून सांगितलं, नकाशा लागलाय, कुणीतरी बघून या. आई म्हणाली, "आवण सोडून कोण जातंय रे तहसीलला?" खरंच होतं तिचं.

बरं, नंतर कोर्टात जाऊ म्हणावं, तर तीही वाट अरुंद. मतदारसंघांच्या सीमांच्या वादात कोर्टाने पडू नये, असं राज्यघटनेचं २४३-ओ हे कलम सांगतं. सीमा आखायचे अधिकारही मार्च २०२२ मध्ये कायदा करून राज्य सरकारने निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतले. म्हणून सामान्य माणसाच्या हातात खरी संधी तेवढ्याच सात दिवसांची. तयारी त्याआधीच झालेली हवी.

तयारी म्हणजे काय? पाड्यापाड्याची एक साधी यादी. कुटुंबं किती, माणसं किती, स्थलांतरावर जाणारी किती, मतदान केंद्र किती किलोमीटरवर, पावसाळ्यात कुठला ओढा वाट अडवतो. ही यादी ग्रामसभेत वाचा आणि ठराव करून ठेवा.

हरकत लिहिताना "आमच्यावर अन्याय झाला" एवढ्यावर थांबू नका. तीन गोष्टी लिहा: कुठलं गाव चुकीच्या गटात गेलंय, का चुकीचं आहे (मधे डोंगर आहे, नदी आहे, सलग रस्ता नाही), आणि ते हलवलं तर दोन्ही गटांची लोकसंख्या किती होईल. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. पण अधिकारी तीच आधी बघणार, कारण एका गटातून काढलेलं गाव शेजारच्या गटात बसायला हवं. अर्जाची पोच घ्या. निर्णय लागला की कारण माहिती अधिकारात मागा.

आणि मागणी एकट्या आपल्या गावापुरती नको. नकाशात पाडे दिसले पाहिजेत, गावनिहाय लोकसंख्या सोबत जोडली पाहिजे, हरकत का फेटाळली ते लेखी मिळालं पाहिजे, आणि मुदत शेतीचा हंगाम बघून ठरली पाहिजे. यात कुठल्याच पक्षाचा फायदा-तोटा नाही.

हे आत्ता सांगतोय, कारण पुढची लोकसंख्या मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच आहे, २०२७ मध्ये. विधानसभेच्या सीमाही २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर बदलू शकतात. २००८ च्या पुनर्रचनेत जव्हार नावाचा मतदारसंघ गेला आणि विक्रमगड आला, हे घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना आठवत असेल.

तेव्हा भट्टीवर जाणाऱ्या आपल्या माणसांची यादी दिवाळीआधीच करा, ती घरी आहेत तोवर. मुकादमाचा, मालकाचा नंबर लिहून घ्या. मोजणीच्या दिवसांत फोन करून विचारा, "तुमच्याकडे कुणी आलं होतं का?" ती भट्टीच्या गावात मोजली गेली, तर निदान सुटली नाहीत. आणि इथली किती माणसं तिथे मोजली गेली, हा आकडा पुढच्या हरकतीच्या वेळी आपल्या हातात असेल.

चला, पुढच्या भागात भेटू. तोवर यादीला लागा.