दोन वर्षांचा उंदीर, दोन वर्षांची फेलोशिप

पीएच.डी. पूर्ण झाल्यानंतर आणि स्वतंत्र शास्त्रज्ञपद मिळण्याआधी, एखाद्या ज्येष्ठ संशोधकाच्या प्रयोगशाळेत ठरावीक मुदतीसाठी जे संशोधनपद मिळते, त्याला पोस्टडॉक म्हणतात. आधुनिक जीवशास्त्रात प्रत्यक्ष हाताने होणाऱ्या कामाचा मोठा वाटा याच पदावरील माणसे उचलतात. अमेरिकेत नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९१९ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून भौतिकी व रसायन या विषयांसाठी अशा फेलोशिप सुरू केल्या आणि पुढे ही रीत जगभर रुजली. आज युरोपातील मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप १२ ते २४ महिन्यांची असते आणि भारताची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. इतर विषयांत ही मुदत गैरसोयीची ठरते एवढेच. परंतु वार्धक्यात रोगप्रतिकारशक्तीचे काय होते याचा शोध घेणाऱ्या शाखेत ती संशोधनाच्या प्रश्नालाच आकार देते, आणि म्हणून हे पद स्वतंत्रपणे समजून घेण्याजोगे आहे.

या शाखेचा प्रश्न एका ग्रंथीपासून सुरू होतो. छातीच्या मध्यास्थीमागे असलेल्या थायमसला मराठीत यौवनलोपी ग्रंथी असे नाव आहे, आणि तारुण्याबरोबर ओसरत जाणाऱ्या या अवयवाचा स्वभाव त्या नावातच सांगितलेला आहे. लंडनमध्ये काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये असे दाखवले की, नवजात उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली तर त्यांची प्रतिकारशक्ती नीट घडतच नाही. विषाणू आणि अर्बुदे यांच्याशी लढणाऱ्या टी पेशी येथेच तयार होऊन बाहेर पडतात, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. वय वाढते तशी ग्रंथीची जागा चरबी घेते आणि अननुभवी टी पेशींचा, म्हणजे अद्याप कोणत्याही रोगजंतूशी गाठ न पडलेल्या पेशींचा, पुरवठा आटतो. प्रौढ वयात ही ग्रंथी निरुपयोगी असते अशी समजूत दीर्घकाळ होती. २०२३ मध्ये बॉस्टन येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र, शस्त्रक्रियेत ती काढलेल्या प्रौढांचा पाच वर्षांतील मृत्युदर ८.१ टक्के आणि तत्सम शस्त्रक्रिया होऊनही ती शाबूत राहिलेल्यांचा २.८ टक्के आढळला.

दुसरा प्रश्न लशींचा आहे. लस टोचल्यावर लसीका ग्रंथींमध्ये काही आठवड्यांपुरती, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींची दाट वस्ती उभी राहते, जिला जनन-केंद्र म्हणतात, आणि तेथे टी पेशींच्या मदतीने प्रतिपिंडे अधिकाधिक अचूक होत जातात. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम संस्थेतील कामातून असे दिसले की, म्हाताऱ्या उंदरांत या मदतनीस पेशी आपली जागा सोडून केंद्राच्या भलत्या भागात जमतात. पेशी असूनही त्या योग्य ठिकाणी नसणे हीदेखील दुर्बलता ठरते, ही बाब या शाखेतील सर्वांत बोलक्या निष्कर्षांपैकी एक आहे.

असे निष्कर्ष ज्या प्राण्यावर काढले जातात तो सहसा ब्लॅक सिक्स या वाणाचा उंदीर असतो, आणि तो म्हातारा मानला जातो सुमारे १८ ते २४ महिन्यांनी. नव्याने रुजू झालेल्या संशोधिकेने पिल्लांपासून आरंभ केला, तर ती पिल्ले म्हातारी होईपर्यंत तिचीच फेलोशिप संपते. म्हणून उंदीर आधीपासून वाढवून ठेवावे लागतात. अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग आपल्या अनुदानित संशोधकांना वयस्क उंदीर पुरवण्यासाठी स्वतंत्र वसाहतीच राखते. एवढे जपलेले उंदीरही प्रयोगाच्या दिवशी सगळे उपयोगी पडत नाहीत, कारण विच्छेदनात प्लीहेत अर्बुद दिसले तर तो प्राणी वगळावा लागतो. त्यामुळे गटाची संख्या आरंभीच वाढवून धरावी लागते. उरलेल्यांची प्लीहा व लसीका ग्रंथी बारीक जाळीतून दाबून पेशी सुट्या केल्या जातात, रंगद्रव्य जोडलेल्या प्रतिपिंडांनी त्यांवर खुणा केल्या जातात आणि फ्लो सायटोमीटर या यंत्रात त्या एकामागोमाग एक लेसरसमोरून नेल्या जातात. यंत्र सेकंदाला हजारो पेशींची नोंद घेते. जिवंत पेशी थांबत नाहीत, म्हणून सकाळी सुरू झालेला असा प्रयोग रात्रीपर्यंत चालणे हे नेहमीचेच असते.

उंदराचे वार्धक्य माणसाचे मानावे काय, ही शंका याच कामातून पुढे आली. उंदरात अननुभवी टी पेशींचा पुरवठा आयुष्यभर मुख्यतः यौवनलोपी ग्रंथीतून होत राहतो, प्रौढ माणसात मात्र तो बहुतांशी आधीच्या पेशींच्या विभाजनावर चालतो. शिवाय मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, रोगजंतुमुक्त पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराची प्रतिकारयंत्रणा नवजात बालकासारखी असते आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या उंदराची प्रौढ माणसासारखी.

माणसांचा अभ्यास करायचा तर त्याच व्यक्तींचे रक्त वर्षानुवर्षे तपासले पाहिजे. स्वीडनमधील ‘ऑक्टो’ अभ्यासात ऐंशी ओलांडलेल्या वृद्धांबाबत हेच केले गेले, आणि ज्यांच्या रक्तात सीडी४ (मदतनीस) टी पेशींपेक्षा सीडी८ (मारक) टी पेशी अधिक झाल्या होत्या त्यांच्यात पुढील दोन वर्षांतील मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. या बदलाचा संबंध सायटोमेगॅलोव्हायरसच्या आजन्म टिकणाऱ्या संसर्गाशी लागला. भारतात बहुसंख्य प्रौढांना हा संसर्ग झालेला असल्यामुळे संसर्ग नसलेले वृद्ध तुलनेसाठी मिळणेच कठीण जाते. स्वीडनचे उत्तर येथे जसेच्या तसे लागू करता येत नाही, आणि येथले उत्तर येथेच शोधावे लागते.

असा दीर्घ पाठपुरावा दोन वर्षांच्या पदात बसत नाही. परिणामी तरुणांचा एक गट आणि वृद्धांचा एक गट एकदाच तपासून फरक मांडला जातो, आणि त्यात जे म्हातारपणापर्यंत पोहोचलेच नाहीत ते आपोआप गळतात. म्हणजे तपासले जाते ते टिकून राहिलेल्यांचे वार्धक्य. या एका शाखेपुरती तरी मुदत किमान पाच वर्षांची असणे न्याय्य ठरेल, कारण येथे वेळ हाच मोजायचा विषय आहे.

तोवर प्रयोगशाळांनी आपली रीत बसवली आहे. रुजू होणारी संशोधिका आधीच्या पोस्टडॉकने वाढवलेल्या उंदरांवर काम सुरू करते, आणि पहिल्याच महिन्यात नव्या पिल्लांचे पिंजरे लावते, ज्यांची जन्मतारीख चिठ्ठीवर तिच्या अक्षरात असते आणि ज्यांचे विच्छेदन तिच्यानंतर येणारी व्यक्ती करणार असते.