सड्यावरचा वारा आणि थकलेल्या पवनचक्क्या

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर आणि पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, पावसाळ्यात माणसाला धड उभं राहू न देणारा वारा सुटतो. त्याच्या भरवशावर दोन दशकांपूर्वी इथे पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आज त्यांतल्या अनेक म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि राज्यातला इतका चांगला वारा दुबळ्या यंत्रांच्या हाती राहिला आहे. त्या उतरवून त्यांच्या जागी मोजकी मोठी यंत्रं उभारायला हवीत, असं मला ठामपणे वाटतं. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते. सेकंदाला ६ मीटरचा वारा ७ मीटरचा झाला, की ती जवळजवळ ५९ टक्क्यांनी वाढते. जमिनीलगत चढउतार आणि झाडंझुडपं वाऱ्याला अडवतात, उंचावर तो मोकळा वाहतो. म्हणून मनोऱ्याची थोडी जादा उंचीही मोलाची. पात्यांची लांबी दुप्पट केली, तर वारा पकडणारं क्षेत्र चौपट होतं. जुनी कित्येक यंत्रं ३५० किलोवॅटच्या आसपासची आहेत, तर आज ३ मेगावॅटचं यंत्र सर्रास मिळतं. म्हणजे क्षमतेच्या हिशेबात आठ-नऊ जुन्यांना एक नवं पुरतं.

फिरतं यंत्र मोडायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण पवनचक्कीचा आराखडा साधारण २० ते २५ वर्षांचं आयुष्य धरून केलेला असतो. वाऱ्याचे झटके सोसून गिअरबॉक्स, बेअरिंग आणि पाती थकतात, आणि जुन्या बनावटीचे सुटे भाग मिळणं कठीण होत जातं. खरी अडचण वेगळीच आहे. करात सवलत मिळते म्हणून अनेक उद्योगांनी एकेक-दोनदोन पवनचक्क्या घेतल्या. आता आठ मालकांच्या जागी एक यंत्र आलं, तर वीज कोणाची आणि खर्च कोणाचा? केंद्राने २०१६ मध्ये नूतनीकरणाचं धोरण आणलं, २०२३ मध्ये ते सुधारलं. पण हा गुंता मालकांना एकत्र बसवूनच सुटेल. त्यात साठ-सत्तर मीटरचं अखंड पातं घाटाच्या वळणांवरून वर न्यायचं, म्हणजे रस्ताच रुंद करावा लागतो.

सड्यावरच्या जीवसृष्टीचं काय, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. चाळकेवाडीतच झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, तर सरडे जास्त आढळले. यंत्रांची संख्या घटली म्हणून पक्षी परततील असं गृहीत धरता येत नाही. मोठी पातीही आकाश व्यापतात. त्यामुळे नवं यंत्र शक्यतो जुन्या रस्त्यालगत, पक्ष्यांच्या वावराची पाहणी करूनच बसवावं आणि रिकामी झालेली जागा सड्याला परत द्यावी.

वारा मुख्यतः पावसाळ्यात, मग बाकीच्या महिन्यांचं काय? उत्तर शेजारीच, कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पात आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने कोयनेचं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधून दिलं आहे. जुलैत वारा वीज देत असताना या वाट्यातलं जेवढं पाणी राखता येईल, तेवढं एप्रिल-मे महिन्यांतल्या संध्याकाळी, विजेची मागणी चढते तेव्हा, टर्बाइनवर सोडता येईल.