हिशेब आधी समजावा, मग मांडावा

प्राथमिक वर्गातील मुलांच्या गणिताच्या वह्या चाळल्या म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. बेरीज-वजाबाकी बिनचूक करणारी मुले शाब्दिक उदाहरणापाशी अडखळतात. त्यात ते पैशांचे असले, तर ‘मिळवायचे की वजा करायचे?’ हा प्रश्न ठरलेला. घरची वडील मंडळीही ‘वजा कर’ असे सांगून मोकळी होतात. उत्तर मिळते; पण विचार तेथेच खुंटतो.

या अडचणीचे मूळ आकडेमोडीत क्वचितच असते. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, अशी खूणगाठ मुलांनी बांधलेली असते. पुढील उदाहरण पाहा : सुमनने १५ रुपयांची केळी घेतली. तेव्हा तिच्याजवळ ३५ रुपये उरले. तर आरंभी तिच्याजवळ किती रुपये होते? ‘उरले’ हा शब्द पाहून मूल ३५ मधून १५ वजा करते आणि २० लिहिते. त्याला रागावू नये. ‘बरे, २० रुपयांतून १५ गेले, तर किती उरतील?’ एवढेच विचारावे. पाचच उरतात, पस्तीस नव्हेत, हे त्याचे त्यालाच कळते आणि बेरीज करून ते ५० वर येते.

म्हणून पेन्सिल हाती घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : आधी काय होते? मध्ये काय घडले? शेवटी काय राहिले? यांतील कोणत्या गोष्टी दिल्या आहेत आणि कोणती शोधायची आहे, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगावे. आमच्या चांदनीसारख्या गावी याचे महत्त्व अधिक आहे. घरी मराठी आणि बऱ्हाणपूर-नेपानगरच्या बाजारात बहुधा हिंदी, अशी येथील मुलांची स्थिती. घरचे ‘एकोणनव्वद’ बाजारात ‘नवासी’ होते, ‘सुटे’ पैसे ‘छुट्टे’ होतात. शब्द अडला तर त्याचा अर्थ आधी उलगडावा. गोष्ट कोणत्याही भाषेत सांगितली तरी चालेल.

पूर्वी हा अभ्यास दुकानात आपोआप होत असे. आता दुकानदाराला पैसे मोबाईलवरून जातात. नोट देणे, मोड परत घेणे, ती मोजून पाहणे हे मुलांच्या दृष्टीस फारसे पडत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणेपद्धती आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पुढे ३० जून २०११ नंतर २५ पैसे व त्याखालील नाणी चलनातून गेली. जे पैसे मुलाने कधी हाताळलेच नाहीत, त्यांचे उदाहरण त्याला परके वाटले तर नवल नाही. म्हणूनच १२ रुपये ५ पैसे ही रक्कम ते १२.५ अशी लिहिते. १२.५ म्हणजे १२ रुपये ५० पैसे. ५ पैशांसाठी १२.०५ असेच लिहावे लागते.

अनुभवाचे बळ किती असते, हे ब्राझीलमधील रेसिफे शहरातील एका अभ्यासात दिसून आले. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांनी तेथे विचारलेल्या हिशेबांपैकी शेकडा ९८ बरोबर सांगितले. तसेच हिशेब शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिले, तेव्हा शेकडा ७४ बरोबर आले. नुसते आकडे मांडून दिले, तेव्हा अवघे ३७. उलट बाजूही आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथे केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात काम करणारी मुले शाळेच्या पद्धतीच्या गणितात मागे पडली, तर केवळ शाळेत शिकलेली मुले बाजारातील हिशेबात अडली. बाजार आणि पाटी यांच्यामधील पूल आपोआप बांधला जात नाही, हाच याचा बोध.

तो पूल घरात बांधता येतो. जमिनीवर खऱ्या नोटा व नाणी मांडून दुकान थाटावे. १२ रुपयांची एक, अशा तीन वह्या घेऊन ५० रुपयांची नोट दिली, तर परत किती? वह्यांचे ३६ रुपये झाले. आता दुकानदाराप्रमाणे भर घालीत जावे : ३६ आणि ४ चाळीस, चाळीस आणि १० पन्नास, परत आले १४. मग तोच व्यवहार वहीत ५० वजा ३६ असा मांडावा. दोन्ही उत्तरे जुळलेली पाहून मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, तो शंभर उदाहरणे घोकून यावयाचा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे मोठ्या वर्गात आहेत, त्यांनी आपल्या धाकट्या भावंडांसाठी रोज दहा मिनिटे असे दुकानदार व्हावे. उत्तर मात्र सांगू नये. प्रश्न विचारावा आणि थोडा वेळ थांबावे. उद्या हेच मूल मजुरीचा हिशेब करील, केळीच्या विक्रीची पावती वाचील, कर्जाचे व्याज पडताळील. ज्याला व्यवहार उमजला, त्याला सहसा कोणी फसवू शकत नाही.