गावाचं वायफाय: काही समज आणि खरी गोष्ट

मेढ्याहून बामणोलीकडे निघालं की डोंगर आडवे येतात. सातारा जिल्ह्यातल्या अशा जावळी तालुक्यात गावांनी मिळून वायफायचं जाळं उभारावं असं म्हटलं, की काही समज हमखास पुढे येतात.

गैरसमज: यंत्रं बसवली की लोक वापरतातच.

वारणेचा अनुभव वेगळा आहे. 1998 साली केंद्र, राज्य आणि वारणेच्या सहकारी साखर समूहानं कोल्हापूर-सांगलीतल्या सुमारे 70 गावांत संगणक केंद्रं उघडायला घेतली. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी कागद, सगळं तिथं मिळायचं होतं. पुढे अभ्यासकांनी पाहिलं, तर शेतकरी यायचा तो मुख्यतः उसासाठी: तोडणी कधी, वजन किती भरलं, खत किती उचललं. मग काही गावांत संगणक हटवून हीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसनं दिली, आणि काम भागलं. लोकांना आधी विचारलं असतं, तर हे सुरुवातीलाच कळलं असतं असं मला ठामपणे वाटतं.

गैरसमज: तांत्रिक बाबीत गावाला काय विचारायचं?

लांब पल्ल्याच्या बिनतारी दुव्याला दोन्ही टोकं एकमेकांना दिसावी लागतात; मध्ये टेकडी किंवा दाट झाडी आली की संपलं. पावसात कुठल्या वाडीची वीज आधी जाते, कुणाचं घर उंचावर आहे, तो घरमालक दुरुस्तीसाठी रात्री दार उघडेल का, हे अभियंत्याच्या नकाशावर नसतं. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पानं पालघरच्या 25 गावांत जाळं नेलं, तेव्हा ग्रामपंचायत आणि गावातल्याच तरुणांना त्यात भागीदार धरलं.

गैरसमज: सरपंचांची सही म्हणजे गावाचा होकार.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे. हा विषय तिथं मांडलाच पाहिजे. लोकांचा सहभाग नियमातच कसा बसवता येतो, याचं उदाहरण जवळच आहे. याच सातारा जिल्ह्यात, म्हसवडला, 2008 पासून माणदेशी संस्थेचा सामुदायिक रेडिओ चालतो. अशा रेडिओ केंद्रांसाठी 2006 च्या धोरणात निदान निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून करण्याची अट घातली गेली. वायफायला अशी अट नाही, म्हणून ती गावानं स्वतःच घालून घ्यावी.

परवान्याची भीतीही फोल आहे. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो.

जावळीत कुणी असं जाळं मांडत असेल, तर पहिला पैसा यंत्रांवर घालू नका. आधी वाड्यावस्त्यांवर बसा, आणि बिघाड झाला तर कोण दुरुस्त करणार, त्याचे पैसे कोण देणार, हे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.