नैसर्गिक सरोवरातील बास मासेमारी आणि थरथरणारे जिग : एक ऋतुनिहाय विवेचन

बीजसंज्ञा : बास, जिग, मिनेटोंका सरोवर, पाणवनस्पती, विणीचा हंगाम

प्रस्तावना :
उत्तर अमेरिकेत गळाने मासे पकडणे हा केवळ उपजीविकेचा भाग नसून तो एक लोकप्रिय छंद आहे. या छंदात मोठ्या तोंडाच्या बास माशास विशेष स्थान आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर उत्तरेकडील या जातीस ‘मायक्रॉप्टेरस निग्रिकॅन्स’ हे नाव देण्यात आले. पूर्वीचे ‘सॅल्मॉइडीज’ हे नाव आता फ्लोरिडातील जातीकडे गेले आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनेटोंका या नैसर्गिक सरोवराच्या संदर्भात, थरथरणाऱ्या जिगचा वापर ऋतुमानानुसार कसा बदलतो आणि त्यातून कोणती जबाबदारी निर्माण होते, याचे विवेचन केले आहे.

आमिषाचे स्वरूप व कार्य :
जिग म्हणजे गळाच्या डोक्यावर धातूचे वजन ओतून तयार केलेले कृत्रिम आमिष होय. थरथरणाऱ्या जिगमध्ये या डोक्याच्या पुढे धातूची एक चपटी पाती जोडलेली असते. दोरी ओढली की पाण्याच्या दाबाने पाती दोन्ही बाजूंना झुलते, डोक्यावर आपटते आणि संपूर्ण आमिष थरथरू लागते. मागे सिलिकॉनच्या तंतूंची झालर आणि मऊ प्लास्टिकची शेपटी असते. दक्षिण कॅरोलायना राज्यात रॉन डेव्हिस यांनी घडविलेले हे आमिष ‘चॅटरबेट’ या नावाने २००६ च्या सुमारास स्पर्धांमधून सर्वपरिचित झाले.

माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंस पार्श्वरेखा नावाचे संवेदन-इंद्रिय असते. जवळच्या पाण्यातील सूक्ष्म हालचाल त्याद्वारे माशास जाणवते. म्हणूनच गढूळ पाण्यात किंवा दाट वनस्पतींत, जेथे दृष्टी अपुरी पडते, तेथे हे आमिष परिणामकारक ठरते.

सरोवराचे स्वरूप :
मिनेटोंका हे मिनिआपोलिस शहराच्या पश्चिमेस असलेले, हिमयुगातील हिमनद्यांच्या कार्यातून निर्माण झालेले सरोवर आहे. ते सलग नसून परस्परांशी जोडलेल्या अनेक उपसागरांचे बनले आहे. काही उपसागर उथळ तर काही खोल असल्याने एकाच दिवशी दोन ठिकाणचे पाणी वेगवेगळ्या अवस्थेत आढळते. म्हणजेच येथे ऋतू केवळ दिनदर्शिकेवरून ठरत नाही, तो पाण्याच्या तापमानावरून ओळखावा लागतो.

ऋतुनिहाय विवेचन :
१) वसंताचा प्रारंभ : सर्वसाधारणपणे एप्रिलमध्ये बर्फ वितळते. उथळ, काळसर तळाचे आणि वाऱ्यापासून सुरक्षित उपसागर प्रथम तापतात. थंड पाण्यात माशाचा चयापचय मंद असतो. त्यामुळे सुमारे १० ग्रॅम वजनाचे जिग, पाती जेमतेम थरथरेल इतक्याच संथ गतीने ओढणे उचित ठरते.

२) विणीचा काळ : पाणी साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस झाले की नर उथळ तळावर शेपटीने घरटे साफ करतो. अंडी घातल्यावर मादी निघून जाते; नर मात्र अंड्यांची आणि पिलांची राखण करतो. आपल्याकडील मरळ माशाची वृत्तीही अशीच आहे. अशा वेळी नर भूक लागली म्हणूनच नव्हे, तर घरट्याच्या रक्षणार्थही आमिषावर तुटून पडतो. तो पाण्याबाहेर असताना ब्लूगिलसारखे लहान मासे अंडी फस्त करतात. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील तलावांवर डेव्हिड फिलिप व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पकडून परत सोडलेल्या नरांमध्येही घरटे सोडून जाण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. ‘मासा जिवंत सोडला, म्हणजे हानी झाली नाही’ हा समज यामुळे अपुरा ठरतो.

३) उन्हाळा : वरचे पाणी तापते आणि खोलवरच्या थरात प्राणवायू घटतो. परिणामी बास पाणवनस्पतींच्या बाहेरच्या कडेवर स्थिरावतो. येथे १४ ते २१ ग्रॅमचे जिग वनस्पतींच्या शेंड्यांना स्पर्श करीत ओढले जाते. ते अडकले की काठीला हिसका देऊन सोडवितात. पुष्कळदा त्याच क्षणी मासा झडप घालतो.

४) शरद : वनस्पती कुजू लागतात. जेथे हिरवा पट्टा शिल्लक राहतो तेथे लहान मासे आणि त्यांच्यामागे बास एकवटतो. पाणी थंड होऊन वरखाली मिसळले की मासे विखुरतात, तेव्हा सलग व मध्यम गतीने अधिक क्षेत्र धुंडाळावे लागते. हिवाळ्यात सरोवर गोठते आणि दूर फेकून ओढावयाच्या या आमिषाचा उपयोग संपतो.

परिसंस्थेचा प्रश्न :
या सरोवरात १९८७ मध्ये युरेशियन वॉटरमिलफॉइल ही परकी वनस्पती, तर २०१० मध्ये झेब्रा शिंपले आढळले. शिंपले पाणी गाळून सूक्ष्म प्लवक खातात. पाणी नितळ होते आणि सूर्यप्रकाश अधिक खोल पोहोचून वनस्पतींस वाव मिळतो. मिलफॉइलचा तुटलेला तुकडाही नव्याने रुजू शकतो. जिगला हिसका देताना असे तुकडे निघतात आणि आमिषास, नांगरास वा होडीच्या गाडीस चिकटून दुसऱ्या सरोवरात जाऊ शकतात. म्हणूनच सरोवर सोडताना होडीवरील वनस्पती काढणे व साठलेले पाणी काढून टाकणे मिनेसोटात कायद्याने बंधनकारक आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, वर्षभर आमिष जवळजवळ तेच राहते. बदलते ते सरोवर. वजन, गती आणि खोली यांची निवड म्हणजे तापमान, प्राणवायू आणि वनस्पती यांचे वाचन होय. ज्यास हे वाचन साधते त्यास मासा कोठे आहे हे कळते. तसेच घरट्यावरील नर कोणता, हेही कळते. म्हणून गळ कोठे टाकावा या ज्ञानाइतकेच तो केव्हा टाकू नये, हे ज्ञानही या छंदाचा अविभाज्य भाग मानले पाहिजे.