कल्याणीचं नृत्य आणि विद्यापीठाचा उंबरठा

आज आपण ज्याला बसवकल्याण म्हणतो ती बिदर जिल्ह्यातली कल्याणी बाराव्या शतकात चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या सोमेश्वर तिसऱ्यानं 1130च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला आणि त्यात ‘नृत्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण घातलं. कलावंतांचे प्रकार सांगताना हा राजा नर्तकी आणि नटाच्या पंगतीला वैतालिक, चारण आणि कसरती करणारा कोल्हाटिकही बसवतो. नृत्याचे प्रसंग मोजताना उत्सव आणि विजयाबरोबर परीक्षेचंही नाव घेतो. पुढं 1253-54मध्ये काकतीयांचा गजदलप्रमुख जायसेनापती ‘नृत्तरत्नावली’त नोंदवतो, की भूतमातेच्या उत्सवात भिल्लिणीच्या वेषातलं नृत्य सोमेश्वरानं कल्याणीतच पाहिलं आणि त्यातून ‘गोंडली’ हा प्रकार मान्यता पावला. लोकांच्या जत्रेतलं नाचणं शास्त्राच्या पोथीत कसं शिरतं, याची इतकी स्पष्ट नोंद दुर्मीळच. श्रीगोंदेकरांनी संपादलेल्या ‘मानसोल्लासा’चा पहिला खंड बडोद्याहून 1925मध्ये निघाला, नृत्याचा भाग असलेला तिसरा खंड हाती यायला मात्र 1961 उजाडलं.

आता या पोथीचा अभ्यास कोणी करायचा? संस्कृतचा पंडित श्लोक लावील. पण एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर जाताना अंगाचा भार कधी नि कसा सरकतो, हे श्लोकात नसतं. हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगवीच्या देवळाच्या बाह्यभिंतीवरच्या मदनिका पाहा. गुडघा मुडपलेला, कंबर एका बाजूला काढलेली, मान उलट दिशेला वळलेली. एक तर चक्क विक्रमादित्य सहाव्याची प्रशस्ती दगडावर कोरत उभी आहे. शिल्पाचा अभ्यासक काळ आणि शैली सांगेल. पण ही अवस्था हालचालीच्या सुरुवातीची, मधली की शेवटची, हे ज्याच्या गुडघ्यांनी वीस वर्षं तो भार झेलला आहे त्यालाच आधी सुचतं. पद्मा सुब्रह्मण्यम यांनी नाट्यशास्त्रातली 108 करणं ही स्थिर आसनं नसून हालचाली आहेत, असा सिद्धान्त मांडला, तो नर्तकी असल्यामुळंच. त्यांची पुनर्रचना सर्वांनाच पटली असं नाही. पण वाद घालता येईल असा सिद्धान्त पुढं आला, ही कमाई लहान नव्हे. सुचेता भिडे-चापेकरांनी तंजावरच्या मराठी राजांच्या नृत्यरचना नुसत्या शोधल्या नाहीत, त्या रंगमंचावर उभ्या केल्या.

बिदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात तर सामग्रीच अशी आहे की एका विभागाच्या चौकटीत ती मावत नाही. भालकी तालुक्यातल्या खानापूरला मैलार मल्लण्णाच्या, म्हणजेच खंडोबाच्या, यात्रेत मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारे भक्त एकाच आवारात असतात. वाघ्याची दिमडी आणि मुरळीच्या हातातली घोळ यांचा एकमेकांशी चाललेला सवालजवाब नुसता ऐकून पुरत नाही. पावलं बघावी लागतात. मोहरमच्या अलाव्याभोवतीची पावलं, तांड्यांवरच्या बंजारा बायकांचा फेर, गोंधळ्याचं संबळ, दिंडीतली पावली असं सगळं बिदर-कलबुर्गीच्या गावांत नांदतं. ते समजून घ्यायला धर्मेतिहास हवा, संगीत हवं, समाजशास्त्र हवं आणि नाचणारं शरीरही हवं. गुंथर सोंथायमर यांनी खंडोबाचा अभ्यास कायदा, लोकदैवतं, मौखिक परंपरा आणि चित्रपट अशा अनेक वाटांनी केला, तेव्हा कुठं त्याला खोली आली.

म्हणून माझा मुद्दा असा, की मुरलेल्या कलावंतांसाठी आंतरविद्याशाखीय नृत्यसंशोधनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम याच भागात असावा. आळंद तालुक्यातल्या कडगंचीला 2009पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. कलबुर्गीचं राज्य विद्यापीठ 1980पासूनचं. नृत्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर पुण्याचं ललित कला केंद्र किंवा हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ आहेच. पण सामग्री इथं आणि अभ्यास तिथं, ही विभागणी किती दिवस चालवायची? खरी गाठ नियमात आहे. 2022मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची योजना आणली. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या नामवंताला औपचारिक पदवी नसली तरी शिकवता येतं. त्याच वर्षीचे पीएच.डी.चे नियम मात्र पदव्युत्तर पदवी किंवा चार वर्षांची पदवी, तीही ठरलेल्या गुणांसह, मागतात. म्हणजे संबळवादक गोंधळी वर्गात गुरू म्हणून बसू शकतो, पण स्वतःच्या विद्येवर संशोधक म्हणून नाव नोंदवू शकत नाही! नव्या अभ्यासक्रमाला हा उंबरठा ओलांडण्याचं काम करावं लागेल. प्रवेश सादरीकरण आणि मुलाखतीवर, पहिलं वर्ष वाचन-लेखन आणि नोंदी घेण्याच्या शिस्तीचं, आणि शेवटी प्रबंधाच्या जोडीला सादरीकरणाचीही तपासणी. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत सादरीकरण अधिक लेखन अशी डॉक्टरेट आता नवलाची राहिलेली नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की कलावंत आपल्या परंपरेच्या प्रेमात असतो. तो पुराव्याला पुराव्यासारखं वागवणार नाही. आक्षेप खोटा नाही. आजची गोंधळ्याची पावलं म्हणजे थेट सोमेश्वराची गोंडली, असं ठोकून देण्याचा मोह कोणालाही होईल, आणि जवळजवळ नऊशे वर्षांचं अंतर असं उडवून लावता येत नाही. पण हा मोह पदवीधरांनाही होतोच. शिस्त शिकवणं हेच तर विद्यापीठाचं काम. दुसरा आक्षेप, की पदवीच्या साच्यात घातली की लोककला गोठेल. हे मला तितकंसं पटत नाही. यात्रेतला वाघ्या विद्यापीठाच्या परवानगीनं नाचत नाही, आणि उद्याही नाचणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. मुरळी देवाला वाहिली जायची, तिच्या नाचामागं तिचं शोषण होतं. कर्नाटकात देवदासी अर्पणाविरुद्धचा कायदा 1982मध्ये झाला. त्या नाचाचं सौंदर्यशास्त्र लिहिणं म्हणजे त्या व्यवस्थेला रंगरंगोटी करणं नव्हे का? तसं होऊ शकतं, बाहेरून आलेल्या अभ्यासकाकडून तर फारच सहज. उत्तर एवढंच, की त्या घरातून आलेली बाई स्वतः संशोधक असेल तर काय लिहायचं आणि काय झाकायचं हे ती ठरवील. तिला नुसती माहिती पुरवणारी म्हणून वापरता येणार नाही. मग प्रबंध मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहायची मुभा द्यावी लागेल, आणि परीक्षक मंडळात दिमडीचे बोल ओळखणारा एकजण तरी बसवावा लागेल. इंग्रजीतल्या सारांशावर ही तपासणी भागणार नाही.