तप्त पोलाद ढकलणारें यंत्र

कांदिवली स्थानकावर उतरून पूर्वेस आकुर्लीच्या बाजूला जाणाऱ्या मनुष्यास तेथील ट्रॅक्टरच्या कारखान्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं. १९६३ सालीं महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या सहकार्यानें ट्रॅक्टर बनविणारी कंपनी निघाली, आणि या उपनगराचें नांव शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत पोहोंचलें. ट्रॅक्टरमधील एखादें दंतचक्र घ्या, किंवा कांदिवलींतील उंच इमारतीच्या खांबांतील सळई घ्या. दोहोंचा जन्म बहुधा पोलादाच्या चौकोनी दांड्यापासून झालेला असतो. कारखान्यांत या दांड्यास बिलेट म्हणतात. जालन्याच्या गिरण्यांत अशीच बिलेटें लाटून सळया काढतात. हा दांडा ओतला कसा जातो याचें कुतूहल पुष्कळांस असतें. परंतु ओतल्यावर तो धगधगता दांडा बाजूस कोण सारतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

पूर्वीं वितळलेलें पोलाद सुट्या साच्यांत ओतून ठोकळे करीत, आणि ते पुन्हां तापवून लाटीत. पोलाद अखंड ओतावें ही कल्पना हेन्री बेसेमर यानें एकोणिसाव्या शतकांतच मांडली होती. पण गोठणारी धातु साच्याच्या भिंतीस चिकटून फाटे. जर्मन संशोधक सिगफ्रीड युंगहान्स यानें साचा वरखालीं हलता ठेवण्याची युक्ति काढली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धति पोलादाच्या धंद्यांत रुजली. दीड हजार अंशांहून अधिक उष्ण असा रस मोठ्या लेडलमधून टंडिश नांवाच्या कुंडांत, व तेथून तळ नसलेल्या तांब्याच्या साच्यांत उतरतो. साच्याभोंवतीं पाणी खेळत असतें. आरंभीं खालचें तोंड डमी बार नांवाच्या दांडीनें बुजविलेलें असतें. रस तिला धरून गोठला कीं ती हळूहळू ओढूं लागतात. मागोमाग दांडा बाहेर येतो, फवाऱ्यांखालून जातो, वांकणांतून आडवा होऊन सरळ होतो आणि ज्योतीनें ठराविक लांबीवर कापला जातो.

येथें ढकलणाऱ्या यंत्राचें, म्हणजे पुशरचें, काम सुरू होतें. १२५ मिलिमीटर चौरस आणि ६ मीटर लांब अशा दांड्याचें वजन सुमारें ७३५ किलोग्रॅम भरतें. साच्यांतून मिनिटास ३ मीटर दांडा उतरत असेल, तर दर दोन मिनिटांस एक तुकडा तयार होतो. असे चार साचे शेजारीं शेजारीं चालत असल्यास सरासरीनें दर अर्ध्या मिनिटास एक तप्त दांडा रुळांच्या मार्गावर येऊन ठेपतो. तो हलला नाहीं, तर मागून येणाऱ्यास जागा नाहीं. आणि मागचा थांबवावा म्हटलें, तर साच्यांतील रस कोणासाठीं थांबत नाहीं.

पुशरची रचना वरवर साधी दिसते. एका आडव्या कण्यावर तीन-चार बाहू बसविलेले असतात. ते दांड्यास बाजूनें टेकून कूलिंग बेडकडे, म्हणजे थंड करण्याच्या ओट्याकडे, सारतात. सारें मर्म बाहू एकाच वेळीं पुढें जाण्यांत आहे. एक बाहू वीतभर मागें राहिला, तरी लांब दांडा तिरपा होतो आणि दोन कठड्यांमध्यें अडकून बसतो. म्हणून सर्व बाहूंच्या सांखळ्या किंवा दंतपट्ट्या एकाच कण्यावरील चक्रांनीं फिरवितात. कणा एक असल्यानें चालहि एक राहते. कांहीं यंत्रांत ढकलणारी खिटी दांड्यांच्या खालून परत येते. येतांना ती आडवी पडते, व पुढें जातांना पुन्हां ताठ उभी राहते. त्यामुळें परतीच्या वाटेंत नवा दांडा आला तरी खोळंबा होत नाहीं.

उष्णतेचाहि विचार करावा लागतो. नऊशें अंशांवर असलेला ६ मीटरचा दांडा थंड असतांना जेवढा असेल, त्याहून सहा-सात सेंटिमीटर लांब असतो. कठड्यांमध्यें तेवढी मोकळीक ठेवावीच लागते. ढकलण्यासाठीं तेलाच्या दाबाचा उपयोग केल्यास नळी फुटतांच आगीचें भय; म्हणून तेथें सहज पेट न घेणारें, पाणीमिश्रित द्रव वापरतात, किंवा विजेची मोटर व सांखळी पसंत करतात. शिवाय घसटत नेलेल्या दांड्यावर ओरखडा उठला, तर तो लाटतांना वा घडवितांना नाहींसा होतोच असें नाहीं. तो आंत दुमडून पुढें चिरेचें बीज ठरूं शकतो. यासाठीं पुशरनें दांडा थोडक्या अंतरापर्यंतच सारावा, आणि पुढें ओट्याच्या हलत्या पट्ट्यांनीं तो उचलून, कांहीं ठिकाणीं पावलागणिक कुशीवर वळवून न्यावा, अशी व्यवस्था करतात. वळविल्यानें सर्व बाजू सारख्या निवतात व दांडा वांकत नाहीं.

जेथें असें यंत्र नव्हतें किंवा बंद पडे, तेथें आंकडे आणि पहारी घेऊन माणसांनाच त्या धगीपुढें जावें लागे. अडकलेला दांडा पहारीनें सोडविणें हें आजहि फार धोक्याचें काम आहे. मागून येणारा तप्त दांडा आंधळेपणानें पुढें सरकत असतो. म्हणून शहाणा कारखानदार पुशरजवळ माणूस जाण्यापूर्वीं त्या साच्याचा ओघ बंद करण्याचा दंडक घालतो. थोडें पोलाद वायां जातें खरें. पण पोलाद पुन्हां वितळवितां येतें, माणूस परत मिळत नाहीं.